सिरोसिसमुळे वारंवार होणारा भ्रम आणि शंट बंद करण्याची प्रक्रिया: निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून यकृताचा सिरोसिस (यकृत कठीण होत जाण्याचा आजार) आहे आणि गेल्या अकरा महिन्यांत चार वेळा त्यांना भ्रमावस्थेत रुग्णालयात दाखल करावे लागले आहे. डॉक्टरांनी निदान हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे यकृताच्या आजाराचा मेंदूवर होणारा परिणाम, असे सांगितले आहे. पहिल्या वेळी आम्हाला शंका आली ती त्यांच्या सहीवरून. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या माणसाने एका कागदावर सही करताना स्वतःच्या आडनावातले मधले अक्षर गाळले, पुन्हा सही करायला सांगितल्यावर पुन्हा गाळले, आणि काही चुकले आहे हे त्यांच्या लक्षातही आले नाही. त्याच रात्री ते अडीच वाजता उठून कामावर जायची तयारी करू लागले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हलवून जागे करावे लागले.

तेव्हापासून लॅक्ट्युलोज हे शौच साफ करणारे औषध नियमित चालू आहे आणि रोज दोन ते तीन वेळा मऊ शौचास होईल अशा बेताने आम्ही मात्रा ठेवतो. भ्रमाच्या दुसऱ्या झटक्यानंतर रिफॅक्सिमिन या आतड्यांतील जिवाणूंवरच्या औषधाची ५५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. मी स्वतः गोळ्या मोजून देते, त्यामुळे औषध चुकल्याचा प्रश्न नाही. शेवटच्या दोन्ही वेळा डॉक्टरांनी संसर्ग, रक्तस्राव, बद्धकोष्ठता, सोडियम-पोटॅशियम असे सगळे तपासले, पण बोट ठेवावे असे कारण सापडले नाही. त्यानंतर पोटाचा सीटी स्कॅन रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने नव्याने वाचला गेला आणि प्लीहेच्या शिरेपासून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेपर्यंत जाणारी १४ मिलीमीटर व्यासाची एक वळणावळणाची शीर दिसली. तिला त्यांनी स्प्लीनोरीनल शंट, म्हणजे यकृत टाळून जाणारी रक्ताची आडवाट, म्हटले.

आता असे सुचवण्यात आले आहे की मानेतील किंवा जांघेतील शिरेतून नळी घालून हा शंट आतून बंद करावा. पोट उघडावे लागणार नाही आणि सगळे सुरळीत झाल्यास दोन-तीन दिवसांत घरी जाता येईल, असे सांगितले आहे. ताज्या तपासण्यांत बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे) १.६, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) ०.९ आणि आयएनआर (रक्त गोठण्याचे माप) १.२ आहे. पोटात पूर्वी थोडे पाणी झाले होते, सध्या सोनोग्राफीत ते दिसत नाही.

माझ्या मनात तीन शंका आहेत. यकृताचे आकडे इतके वाईट नसताना मेंदूवर एवढा परिणाम का व्हावा? छेद लहान आहे म्हणजे धोकाही लहान आहे असे समजावे का? आणि कोणत्या परिस्थितीत ही प्रक्रिया करू नये? ज्यांना वैद्यकीय माहिती आहे किंवा ज्यांच्या घरी हे झाले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (यकृतविकार विभागात काम करणारा डॉक्टर)

ताई, आपण दिलेली माहिती नेमकी आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तरीही रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता लिहितो आहे हे ध्यानात ठेवावे आणि अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आपल्या पहिल्या शंकेतच सगळ्या विषयाचे मर्म आहे. आतड्यांत प्रथिनांच्या पचनातून, तेथील जिवाणूंमुळे आणि आतड्याच्या पेशींच्या स्वतःच्या कामकाजातून अमोनिया तयार होतो. आतड्यांतून आणि प्लीहेतून येणारे रक्त पोर्टल शिरेने आधी यकृतात जाते, यकृत त्या अमोनियाचे युरियात रूपांतर करते आणि युरिया लघवीवाटे बाहेर पडतो. सिरोसिसमध्ये यकृत कठीण होते, रक्ताला आत शिरायला अडथळा होतो आणि पोर्टल शिरेतील दाब वाढतो. मग एरवी नगण्य असलेल्या जोडशिरा रुंदावतात आणि त्यांतून रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाऊ लागते. आपल्या वडिलांच्या शरीरात असा वळसा डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरतो आहे. म्हणजे यकृताची अमोनिया हाताळण्याची क्षमता बऱ्यापैकी शिल्लक असूनही तो अमोनिया तिथवर पोहोचतच नाही. तो मेंदूत जातो. तेथील अॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी त्याचे ग्लुटामिन बनवतात आणि त्या ओझ्याने स्वतः सुजतात. विसराळूपणा, दिवसरात्रीची उलटापालट, हात पुढे धरल्यावर मनगटांचे पंखासारखे फडफडणे, आणि पुढे गुंगी व बेशुद्धी, ही सगळी त्याचीच पायरीपायरीने दिसणारी रूपे आहेत.

म्हणूनच यकृताचे आकडे बरे असताना आणि कोणतेही निमित्त न सापडता भ्रम पुन्हा पुन्हा होत असेल, तर मोठा शंट शोधलाच पाहिजे. २००५ साली इटलीतील एका छोट्या अभ्यासात वारंवार किंवा सतत भ्रम असलेल्या १४ रुग्णांपैकी १० जणांमध्ये मोठे शंट सापडले, तर यकृताची तशीच अवस्था असूनही भ्रम न झालेल्या १४ रुग्णांमध्ये ते फक्त दोघांत होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात सिरोसिसचे १,७२९ रुग्ण होते. त्यात मोठा शंट असलेल्यांपैकी ४८ टक्के, लहान शंट असलेल्यांपैकी ३४ टक्के आणि शंट न दिसलेल्यांपैकी २० टक्के रुग्णांना भ्रमाचा इतिहास होता. सीटीच्या अहवालात शंटचा उल्लेख अनेकदा शेवटच्या ओळीत येतो किंवा येतच नाही, याची मला खंत वाटते. भ्रमासाठी दुसऱ्यांदा दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाचा जुना सीटी पुन्हा उघडून पाहावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आता दुसरी आणि तिसरी शंका. त्या वेगळ्या नाहीत. लहान छेद म्हणजे जखम लहान, टाके नाहीत, बहुतेक वेळा पूर्ण भूल नाही. पण शरीराच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. वाढलेल्या दाबाला शरीराने जी वाट करून दिली होती, तीच आपण बुजवणार आहोत. या वाटेने जाणारे रक्त दुसऱ्या दिवसापासून कुठे जाणार, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाबाबत विचारायला हवा. यकृतात जागा आणि ताकद शिल्लक असेल तर ते यकृतात जाते, अमोनिया स्वच्छ होतो, आणि काही रुग्णांत यकृताचे कार्यही थोडे सुधारते. यकृत पार थकलेले असेल तर दाब आणखी चढतो, पोटात पाणी भरते आणि अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटण्याचा धोका वाढतो.

ही ताकद मोजण्यासाठी मेल्ड गुण वापरतात. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर यांवरून ६ ते ४० या पट्टीवर ते काढले जातात. आपण दिलेल्या आकड्यांवरून, सोडियम न धरता, ते साधारण १० येतात. २०१३ साली युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून ३७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. औषधांना दाद न देणारा भ्रम आणि एक मोठा शंट असलेल्या या रुग्णांत शंट बंद केल्यावर पहिल्या १०० दिवसांत ५९ टक्के रुग्ण भ्रममुक्त राहिले आणि सरासरी दोन वर्षांच्या आसपासच्या पाठपुराव्यात ४९ टक्के. मेल्ड ११ पेक्षा जास्त असलेल्यांत भ्रम परतण्याची शक्यता अधिक दिसली. युरोपीय यकृत संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीवर आहेत: भ्रम वारंवार किंवा सतत असेल, यकृताची स्थिती स्थिर असेल आणि मेल्ड ११ पेक्षा कमी असेल, तर नळी पोहोचू शकेल असा शंट बंद करण्याचा विचार करता येतो. शब्द 'विचार करता येतो' असा आहे, 'करावेच' असा नाही. हे रुग्णगट लहान आहेत आणि मागे वळून केलेल्या नोंदींवर आधारलेले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माझ्या मते कावीळ वाढत असेल, पोटातले पाणी औषधांनी आटोक्यात नसेल, अन्ननलिकेतील मोठ्या शिरांवर अजून उपचार झालेले नसतील, पोर्टल शिरेत गुठळी असेल किंवा अंगात संसर्ग असेल, तर ही प्रक्रिया करू नये, निदान त्या क्षणी तरी करू नये. गुठळीचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा, कारण पोर्टल शीर आधीच बंद असेल तर हा शंट हीच आतड्यांच्या रक्ताची एकमेव वाट असू शकते.

एक चौकशी: शेवटच्या झटक्यात रक्तातील अमोनिया तपासला होता का, आणि डोक्याचा सीटी झाला होता का? अमोनिया वाढलेला आहे एवढ्यावरून निदान ठरत नाही, पण भ्रमाच्या ऐन भरात तो सामान्य आला तर निदानाचाच फेरविचार करावा लागतो. नमुना बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत नेला नाही तर आकडा खोटाच वाढलेला येतो. मेंदूवरील आवरणाखाली साचलेले रक्तही अगदी असेच चित्र उभे करू शकते आणि सिरोसिसच्या रुग्णात, पडझड झाल्यावर, ते विसरून चालत नाही.

उत्तर २ (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत, म्हणजे पडद्यावर पाहत नळीने उपचार करणाऱ्या विभागात, काम करणारी डॉक्टर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. प्रत्यक्ष प्रक्रियेच्या खोलीत काय होते ते लिहिते, कारण नातेवाइकांना ते क्वचितच कोणी नीट सांगते.

रुग्ण टेबलावर उताणा असतो. मानेच्या उजव्या बाजूची किंवा जांघेतील शीर सोनोग्राफीत पाहून, त्या जागेपुरती भूल देऊन टोचली जाते आणि तिथून एक बारीक नळी मोठ्या शिरेतून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत व पुढे उलट्या दिशेने शंटमध्ये नेली जाते. रंगद्रव्य सोडले की पडद्यावर तो शंट उलगडतो. सीटीत एकच जाड वाट वाटलेली असते, पण इथे तिच्या बाजूच्या लहान फांद्याही दिसतात, आणि त्या फांद्या न पाहता मुख्य वाट बंद केली तर काही महिन्यांत रक्त त्यांच्यातून नवी वाट काढते.

बंद करण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. फुगा फुगवून शंटचे तोंड अडवायचे आणि मागे शीर आतून चिकटवणारे द्रव्य भरायचे, ही पद्धत जपानमध्ये १९९० च्या दशकात जठरातील फुगलेल्या शिरांसाठी रूढ झाली. तिला बीआरटीओ म्हणतात. तिच्यात फुगा काही तास, कधी रात्रभर जागेवर ठेवावा लागतो. पुढे कोरियातील डॉक्टरांनी फुग्याऐवजी धातूच्या जाळीचा प्लग कायमचा ठेवून मागे जिलेटिनचे तुकडे भरण्याची पद्धत २०१३ साली मांडली, त्यामुळे फुगा सांभाळत बसण्याची गरज उरली नाही. काही ठिकाणी प्लगऐवजी धातूच्या कॉइल वापरतात. १४ मिलीमीटरच्या शंटसाठी प्लग शिरेच्या व्यासापेक्षा मुद्दाम काहीसा मोठा निवडतात, कारण वेगाने वाहणाऱ्या रक्तात तो सरकला तर मूत्रपिंडाच्या शिरेतून हृदय आणि फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो. असे क्वचित घडते, पण मापाबाबत आम्ही इतके काटेकोर असतो ते यासाठी.

कायमचा प्लग ठेवण्याआधी फुगा फुगवून वाट तात्पुरती बंद करता येते आणि पोर्टल बाजूचा दाब किती चढतो ते मोजता येते. दाब फारच चढला तर थांबण्याची किंवा वाट पूर्ण न बुजवता अरुंद करण्याची मोकळीक राहते. हे मोजमाप आपल्याकडे होणार आहे का, असे त्या डॉक्टरांना जरूर विचारा. दुसरी विचारायची गोष्ट अशी की या शंटला जठरातील शिरा जोडलेल्या आहेत का. तशा असतील तर फक्त मूत्रपिंडाकडचे तोंड बंद करून भागत नाही. जठरातील शिराही भरून बंद कराव्या लागतात, नाहीतर त्यांतला दाब वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

नंतर दोन-तीन दिवस बरगडीखाली किंवा कमरेत दुखणे आणि थोडा ताप येणे सामान्य आहे. रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर भार पडतो. म्हणून आदल्या दिवसापासून लघवी वाढवणाऱ्या औषधांबाबत काय करायचे ते ठरवून घ्यावे आणि आइबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या अजिबात देऊ नयेत. आणखी एक, टेबलावर शांत पडून राहावे म्हणून दिले जाणारे गुंगीचे औषध या रुग्णांत स्वतःच भ्रम ओढवू शकते. आम्ही ते शक्य तितके कमी देतो. वडील घाबरट स्वभावाचे असतील तर आधी दोनदा समजावून सांगितलेले गुंगीच्या इंजेक्शनपेक्षा अधिक उपयोगी पडते.

उत्तर ३ (पतीची ही प्रक्रिया झालेली गृहिणी)

माझ्या यजमानांची अशीच प्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली. चांगले आणि कठीण, दोन्ही सांगते.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी अंथरुणात बसून वर्तमानपत्र मागितले आणि वाचून झाल्यावर घडी घालून उशाशी ठेवले. आठ महिन्यांत त्यांनी कोणतीही घडी सरळ घातली नव्हती. मी दाराशी उभी राहून पाहत होते आणि मला रडू आवरेना. त्यानंतर आजवर त्यांना भ्रमासाठी दाखल करावे लागलेले नाही. लॅक्ट्युलोज मात्र चालूच आहे. आता कशाला, असे म्हणून आम्ही ते मध्येच बंद केले होते, तेव्हा आठवडाभरात ते पुन्हा दुपारी झोपू आणि रात्री फिरू लागले. तेव्हा वाट बंद झाली म्हणजे औषध संपले असे कृपया समजू नका.

कठीण भाग असा की पाचव्या आठवड्यात पोटात पाणी झाले. पँटचे बटण लागेना म्हणून कळले. तेव्हा घरात वजनकाटा असूनही आम्ही तो वापरत नव्हतो, ही आमची चूक. पाण्याच्या गोळ्यांची मात्रा वाढवल्यावर दोन महिन्यांत ते आटोक्यात आले. तीन महिन्यांनी झालेल्या एन्डोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) अन्ननलिकेतील शिरा पूर्वीपेक्षा मोठ्या दिसल्या आणि त्यांवर रबरी बँड बसवावे लागले. प्रक्रियेआधी आम्हाला हे सगळे होऊ शकते असे एका वाक्यात सांगितले होते, पण त्या वाक्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला.

मी एक वही ठेवली आहे. रोज सकाळी वजन, किती वेळा शौचास झाले आणि त्यांची सही. ताई, तुम्ही सहीबद्दल लिहिले ते वाचून मला माझीच वही आठवली. दर रविवारी मी त्यांना एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगायला लावते. ही युक्ती आम्हाला डॉक्टरांनीच शिकवली. एरवी ते सोळा-सतरा नावे सांगतात. एकदा नऊवर अडकले आणि त्यातही दोन नावे पुन्हा पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. चेहऱ्यावरून, बोलण्यावरून तोवर काहीच कळले नव्हते.

आणि प्रथिने कमी करू नका. आम्ही नातेवाइकांच्या सांगण्यावरून सहा महिने ती जवळजवळ बंद केली आणि त्यांच्या मांड्या, दंड पार सुकून गेले.

उत्तर १ कडून पुरवणी

प्रथिनांबाबत ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. अमोनिया हाताळण्यात स्नायूंचाही मोठा वाटा असतो, त्यामुळे स्नायू झिजले की भ्रम वाढतो. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, ती दिवसभरात विभागून घ्यावीत, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, म्हणजे पहाटेपर्यंतच्या लांब उपाशी काळात शरीर स्वतःचे स्नायू मोडून खात नाही. वनस्पतिजन्य आणि दुधाची प्रथिने या रुग्णांना सहसा अधिक मानवतात.

उत्तर ४

माझ्या आईच्या बाबतीत शंट नैसर्गिक नव्हता. पोटातले पाणी कमी होत नव्हते म्हणून यकृतातून टिप्स नावाची जाळीची नळी बसवली, त्याने पाणी गेले पण भ्रम सुरू झाला. तोही अशाच पद्धतीने बंद करता येतो का?

उत्तर २ कडून

टिप्स म्हणजे पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्यामध्ये आपणच तयार केलेला शंट, त्यामुळे भ्रमाचे कारण तेच असते. पण तो पूर्ण बंद केला तर ज्या पाण्यासाठी किंवा रक्तस्रावासाठी तो बसवला होता ते संकट पुन्हा उभे राहते. म्हणून बहुधा आत दुसरी, मध्यभागी चिंचोळी अशी जाळी बसवून तो अरुंद करतात. त्याआधी संसर्ग, बद्धकोष्ठता ही निमित्ते पाहून लॅक्ट्युलोज आणि रिफॅक्सिमिन पुरेशा मात्रेत दिलेले असावे. टिप्स नव्याने बसवायचा असेल त्यांच्यासाठी एक उपयुक्त माहिती: फ्रान्समधील चाचणीत रिफॅक्सिमिन टिप्सच्या १४ दिवस आधीपासून सुरू केले तेव्हा पुढील काही महिन्यांत भ्रमाचे प्रमाण ५३ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. अमोनिया शेवटच्या वेळी तपासला होता आणि तो वाढलेला होता, डोक्याचा सीटीही झाला, त्यात काही नव्हते. पोर्टल शीर मोकळी आहे असे अहवालात लिहिले आहे. मात्र शेवटची एन्डोस्कोपी चौदा महिन्यांपूर्वीची आहे आणि तीत अन्ननलिकेत मध्यम आकाराच्या शिरा होत्या. तेव्हा बँड बसवले नव्हते, शिरांतला दाब कमी करणारे कार्व्हेडिलॉल हे औषध सुरू केले होते, पण रक्तदाब उतरला म्हणून ते दोन महिन्यांत बंद झाले. आता मला असे वाटते आहे की आम्ही तारीख घेण्याची घाई करतो आहोत. दुसरे असे की संमतीपत्रावर बाबांनीच सही करावी अशी माझी इच्छा आहे, पण मधूनमधून ते गोंधळलेले असतात. आणि प्रत्यारोपणाचा विचार आताच करावा का?

उत्तर १

आपला अंदाज बरोबर आहे. १४ महिन्यांपूर्वीच्या एन्डोस्कोपीवर विसंबून शंट बंद करू नये. आधी एन्डोस्कोपी पुन्हा करून घ्यावी. शिरा अजून मध्यम किंवा मोठ्या असतील आणि कार्व्हेडिलॉल सोसत नसेल, तर बँड बसवून त्या आटोक्यात आणाव्यात. त्याला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने काही बैठका लागू शकतात, आणि तेवढा उशीर झाला तरी चालेल. शंट बुजवल्यावर दाब जिकडे पहिल्यांदा धडकतो ती जागा आधी सुरक्षित करणे अधिक महत्त्वाचे आहे. मधल्या काळात औषधे, शौचाची नोंद आणि वही चालू ठेवावी. त्यांनी वाहन चालवू नये, आणि झोप येत नाही म्हणून कोणी झोपेची गोळी सुचवली तर ती देऊ नये.

संमतीबाबत आपली इच्छा मला फार योग्य वाटते. दोन झटक्यांच्या मध्ये बहुतेक रुग्ण समजून घेऊन निर्णय देऊ शकतात. सकाळची वेळ, ज्या दिवशी सही नीट आली तो दिवस, असे पाहून त्यांना डॉक्टरांसमोर बसवावे, कोणती वाट बंद करणार आणि नंतर काय होऊ शकते ते त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावावे, आणि मगच सही घ्यावी. प्रक्रियेच्या सकाळी घाईत घेतलेल्या सहीला मी संमती म्हणत नाही.

प्रत्यारोपणाच्या बाबतीत, मेल्ड १० असताना गुणांच्या क्रमवारीत त्यांचा नंबर लवकर लागणार नाही, आणि वारंवार होणाऱ्या भ्रमाचा त्रास या गुणांत मोजलाच जात नाही, हा त्या पद्धतीतला जुना दोष आहे. तरीही प्रत्यारोपण केंद्रात नोंद करून एकदा तपासून घ्यावे, असे मी सुचवेन. शंट बंद केल्यावर यकृत कोणत्या दिशेने जाते ते सहा महिन्यांत कळते, आणि ते खालावू लागले तर तेव्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागू नये.

नंतरच्या तपासण्यांचे वेळापत्रक आधीच लेखी मागून घ्या. घरी रोज वजन करावे. महिनाभराने रक्ततपासणी, वाट खरोखर बंद राहिली का आणि पोर्टल शिरेत गुठळी झाली नाही ना हे पाहण्यासाठी सीटी किंवा डॉप्लर, आणि तीन महिन्यांच्या आत एन्डोस्कोपी, असे साधारण त्याचे रूप असावे. काळी शौच, रक्ताची उलटी, ताप किंवा दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

प्रश्नकर्ती

एन्डोस्कोपीची वेळ येत्या आठवड्यात घेतली आहे. आज सकाळी बाबांना प्राण्यांची नावे विचारली, बारा सांगितली. तेरावे आठवेना तेव्हा त्यांनी स्वतःच विचारले, "हे कशासाठी मोजते आहेस?" मी सगळे समजावून सांगितले. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग डॉक्टरांना भेटायला मला घेऊन जा, मला विचारायचे आहे की ते रक्त नंतर जाणार कुठे." त्यांना सोबत घेऊन जाणार आहे, अहवाल आला की इथे लिहीन.